कुड्याची साल तपासली म्हणजे नेमकं काय तपासलं?

लालबागला मसाल्याच्या दुकानांपाशी उभं राहिलं की आधी शिंका येतात, मग डोळे चुरचुरतात, आणि मग आठवतं की आपण इथे काय घ्यायला आलो होतो. मी कुड्याची साल घ्यायला गेले होते. मिरची-धण्यांच्या ओळीतून जरा बाजूला झालं की काष्ठौषधी ठेवणारं एखादं दुकान सापडतंच. दुकानदाराने पुडी बांधता बांधता विचारलं, "कोणाचं पोट बिघडलंय का, ताई? काढा करून द्या. गुण येतोच." मी म्हटलं, पोट कोणाचं बिघडलेलं नाही, अभ्यासाला हवी आहे. "त्यात अभ्यास कसला? सगळ्यांना माहीत आहे," असं म्हणून त्याने पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं.

औषधी वनस्पतींवर पीएच.डी. करायचं तुमच्या मनात असेल, तर हे वाक्य तुम्हालाही ऐकावं लागणार आहे. कधी दुकानदाराकडून, कधी घरच्यांकडून, आणि मुलाखतीच्या खोलीत जरा सभ्य भाषेत. त्यावर चिडू नका. वाक्य नीट ऐका. "कुड्याने जुलाबाला गुण येतो" या चार शब्दांत तीन ठिकाणी गोंधळ लपलेला आहे. कुडा म्हणजे कोणता कुडा? जुलाब म्हणजे कुठला आजार? आणि गुण आला हे ठरवायचं कशावरून? या प्रश्नांवर साडेचारशे वर्षं गेली आहेत, आणि त्या इतिहासाचा बराचसा भाग आपल्या मुंबईतच घडलेला आहे.

सुरुवात गार्सिया द ऑर्तापासून करू. हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा. मुंबईचं बेट १५५० च्या दशकात त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. आजच्या फोर्टमध्ये, जिथे पुढे इंग्रजांचा किल्ला झाला, तिथे त्याचा वाडा होता. १५६३ साली गोव्यात त्याचं औषधी द्रव्यांवरचं पुस्तक छापलं गेलं. ते संवादरूपात आहे. एक पात्र युरोपातून नुकतंच आलेलं आणि पुस्तकी विद्वान, दुसरा स्वतः गार्सिया, जो म्हणतो की मी इथे डोळ्यांनी बघितलंय ते सांगतो. या पुस्तकात मलबारच्या वैद्यांकडची, हगवणीवर चालणारी एक वनस्पती येते. पुढच्या अभ्यासकांनी ती कुडाच आहे असं ओळखलं. बेलफळही त्यात आहे, तेही पोटाच्याच तक्रारींसाठी.

गार्सियाने 'तपासलं' का? त्याच्या काळाच्या मानाने, हो. त्याने रोग्यांना दिलं, परिणाम पाहिला, स्थानिक वैद्यांना विचारलं आणि लिहून ठेवलं. आज आपण याला निरीक्षण म्हणू, चाचणी म्हणणार नाही. पण एक गोष्ट त्याच्याकडून शिकण्यासारखी आहे. माहिती कोणाकडून आली हे तो सांगतो. आपल्याकडच्या कित्येक शोधनिबंधांत "पारंपरिक उपयोग आहे" एवढंच वाक्य असतं. कोणाच्या परंपरेत, कुठे, झाडाचा कोणता भाग, किती दिवस, यातलं काहीच नसतं.

आता पहिला गोंधळ. कोकणातल्या घरात वाढलेल्यांना कुडा वेगळा सांगायला नको. पावसाळ्याच्या तोंडाला त्याच्या फुलांची, शेंगांची भाजी होते. हा पांढरा कुडा, आजचं शास्त्रीय नाव होलॅऱ्हीना प्युबेसन्स. त्याच्या बिया म्हणजे कडू इंद्रजव. पण त्याचा एक चुलतभाऊ आहे, काळा कुडा, राइटिया टिंक्टोरिया. त्याच्या बिया म्हणजे गोडे इंद्रजव. दोघेही पांढऱ्या फुलांचे, दोघांनाही जोडीने लोंबणाऱ्या लांब शेंगा, दोघांच्याही अंगातून दुधासारखा चीक येतो. फूल हातात असेल तर फरक कळतो, कारण काळ्या कुड्याच्या फुलात मध्ये झालर असते आणि पुंकेसर बाहेर डोकावतात. वाळलेली, तुकडे केलेली साल हातात असेल तर मात्र भल्याभल्यांची पंचाईत होते.

ही पंचाईत किरकोळ नव्हती. एकोणिसाव्या शतकातले द्रव्यगुणाचे इंग्रज लेखक तक्रार करतात की कुड्याच्या सालीच्या नावाखाली बाजारात काळ्या कुड्याची साल येते, तिच्यात फारसा गुण नसतो, आणि त्यामुळे चांगल्या औषधाचं नाव खराब झालं. युरोपात अठराव्या शतकात 'कोनेसी साल' म्हणून हे औषध बऱ्यापैकी गाजलं होतं. नंतर ते मागे पडलं, आणि त्यात या भेसळीचा हात होता असं हे लेखक मानतात. वनस्पतिशास्त्रज्ञांनी गोंधळात भरच घातली. लिनियसने १७५३ मध्ये 'अँटिडिसेंटेरिकम', म्हणजे आव थांबवणारं, हे नाव ज्या झाडाला दिलं ते आपला कुडा नव्हतंच. आज राइटिया अँटिडिसेंटेरिका हे नाव श्रीलंकेतल्या एका झुडपाचं आहे, जे नर्सरीत शोभेसाठी मिळतं. आणि आपला कुडा मात्र कित्येक वर्षं, आणि अनेक पुस्तकांत अजूनही, होलॅऱ्हीना अँटिडिसेंटेरिका म्हणूनच फिरतो आहे. नाव वाचून संदर्भ गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याने इथे दहा मिनिटं थांबावं. दोन निबंधांत नाव सारखं आहे म्हणून झाड सारखं असेलच असं नाही.

या पार्श्वभूमीवर १८५८ साल बघा. मुंबईचे डॉ. हेन्स यांनी कुड्याच्या सालीतून एक अल्कलॉइड वेगळं काढलं आणि ते काम मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात छापलं. पुढे त्याला कोनेसीन हे नाव मिळालं. इथे प्रश्नाचं रूपच पालटलं. तोवर 'साल गुणकारी आहे का' असं विचारलं जायचं. आता 'सालीतलं कोणतं द्रव्य गुणकारी आहे' असं विचारता येऊ लागलं. हा बदल फायद्याचा होता, कारण साल खरी की खोटी हे ओळखायला एक रासायनिक खूण मिळाली. त्याचा तोटाही झाला, पण त्याबद्दल पुढे.

याच शहरात त्यानंतर वीसेक वर्षांनी, १८७९ मध्ये, डॉ. सखाराम अर्जुन यांनी मुंबईच्या बाजारातल्या औषधी द्रव्यांची सूची प्रसिद्ध केली. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून त्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ते ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी होते. त्यांच्या सूचीत प्रयोग नाहीत. म्हणून आजचा संशोधक ती 'नुसती यादी' म्हणून बाजूला ठेवतो. मला ते पटत नाही. बाजारात कोणत्या नावाने कोणती वस्तू विकली जाते, हे ठरवल्याशिवाय पुढचा प्रत्येक प्रयोग हवेत आहे. आपल्याकडे या कामाला आजही कमी मार्क मिळतात.

माझी पुडी घेऊन मी वनस्पतिशास्त्राच्या एका मैत्रिणीकडे गेले. तिने सालीचा तुकडा उलटसुलट केला, जरासा चावून थुंकला आणि म्हणाली, "कडू आहे. पण एवढ्यावर मी सही करणार नाही. फांदी आण, फूल आण." तुम्हीही कुणाला तरी सही करायला लावालच. मुंबईत असाल तर झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम आहे. झाडाचा नमुना वाळवून, क्रमांक घालून तिथे तपासून घेता येतो. पण नमुना झाडाचा लागतो, पुडीचा नाही. बाजारातून द्रव्य आणायचं आणि प्रमाणपत्र कॉलेजच्या आवारातल्या झाडाचं जोडायचं, असं करणारे लोक आहेत. करू नका. प्रयोग एका वस्तूचा आणि कागद दुसऱ्याच वस्तूचा, असं होतं ते.

दुसरा गोंधळ आजाराच्या नावाचा. मराठीत आपण जुलाब, हगवण, ढाळ, आव, मुरडा असं बरंच काही म्हणतो, आणि हे शब्द अगदीच सारखे नाहीत. आयुर्वेदही अतिसार आणि प्रवाहिका वेगळे धरतो. पण सूक्ष्मदर्शकाखाली जे वेगळेपण दिसलं, ते १८७५ नंतरचं. त्या वर्षी लॉश याने सेंट पीटर्सबर्गमध्ये आवेच्या रोग्याच्या शौचात अमिबा पाहिला. १८९७ मध्ये जपानमध्ये किती पसरलेल्या साथीत शिगाने आवेचा जिवाणू शोधला. म्हणजे रक्त-आव पडणारे दोन रोगी शेजारी झोपलेले असले, तरी एकाचं कारण अमिबा आणि दुसऱ्याचं जिवाणू असू शकतं. त्याआधीच्या सगळ्या 'गुण आला' आणि 'गुण आला नाही' या नोंदी या दोघांची मिसळ आहेत. त्यात पटकी, साधे ढाळ, न पचलेलं जेवण हे सगळं आलंच.

या वाटणीनंतर कुड्याचं नशीब पुन्हा उघडलं. १९१२ मध्ये कलकत्त्याला लिओनार्ड रॉजर्सने इमेटिनचं इंजेक्शन अमिबाच्या आवेवर चालतं हे दाखवलं. औषध जबरदस्त, पण हृदयाला त्रासदायक, आणि परदेशी मुळापासून काढलेलं. मग देशी पर्याय हवा म्हणून तिथल्याच स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात कुड्याची अल्कलॉइडं तपासली. आता प्रश्न धारदार होता. जुलाब थांबतात का, हे त्यांनी विचारलं नाही. अमिबा जातो का, एवढंच विचारलं. उत्तर बऱ्यापैकी होकारार्थी आलं आणि कुड्यापासूनची औषधं काही दशकं वापरात राहिली. फ्रेंचांनी पुढे शुद्ध कोनेसीन वापरून पाहिलं, तेव्हा काही रोग्यांत मेंदू आणि मनावर परिणाम दिसले. १९६० च्या दशकात मेट्रोनिडॅझोल आलं आणि हा अध्याय जवळजवळ मिटला.

इथे मी जरा अडते. 'कुडा अमिबावर चालतो' हे सिद्ध झालं, पण लालबागच्या दुकानदाराच्या गिऱ्हाइकाला बहुतेक वेळा अमिबा झालेला नसतो. त्याला झालेले असतात साधे तीव्र जुलाब, ज्यांचं कारण ई. कोलाय असेल, रोटाव्हायरस असेल, आणखी काही असेल. म्हणजे एका आजारासाठी दिलेलं प्रशस्तिपत्रक आपण दुसऱ्याच आजाराच्या पुडीवर चिकटवतो. "कुड्याच्या गुणांना विज्ञानाने दुजोरा दिला आहे" असं वाक्य पुढे दिसलं, की विचारा: कुठल्या गुणाला?

लालबागहून परळकडे निघालं की हाफकिन संस्था लागते. जुन्या गव्हर्न्मेंट हाउसच्या इमारतीत १८९९ मध्ये हाफकिनची प्लेगची प्रयोगशाळा आली. हाफकिन लशीचा माणूस, वनस्पतींचा नाही. पण त्याच्या कामातली एक सवय आपल्या विषयाला लागू आहे. कलकत्त्याच्या वस्त्यांत पटकीची लस देताना त्याने एकाच घरातले, एकच पाणी पिणारे, लस घेतलेले आणि न घेतलेले लोक शेजारी शेजारी मोजले. १८९७ च्या सुरुवातीला भायखळ्याच्या तुरुंगात प्लेगच्या लशीबाबतही तसंच केलं. लस स्वेच्छेने घ्यायची होती, त्यामुळे आजच्या कसोटीला ती तुलना पुरी उतरत नाही. तरीही तुलना होती. वनस्पतींच्या बाबतीत ही सवय रुजायला फार वेळ लागला.

याच परळच्या संस्थेत १९२० आणि ३० च्या दशकात कृ. श्री. म्हसकर आणि फादर कायस यांनी सर्पदंशावरच्या शेकडो देशी वनस्पती एकेक करून तपासल्या आणि १९३१ मध्ये निकाल छापला: एकीनेही विष उतरत नाही. विषय जुलाबाचा नाही, पण मला हे काम फार महत्त्वाचं वाटतं. कीर्तिकर आणि बसूंच्या 'इंडियन मेडिसिनल प्लँट्स'ची १९३० च्या दशकातली आवृत्ती, जिच्या संपादनात हे दोघेही होते, कधी चाळून बघा. सर्पदंशावर म्हणून सांगितलेल्या वनस्पतींच्या नोंदीअखेर, या दोघांच्या नावानिशी, ती विषावर उतारा नाही असा कोरडा शेरा सारखा भेटत राहतो. नकारार्थी निकाल इतक्या शांतपणे, इतक्या वेळा छापणारी माणसं मला आजच्या नियतकालिकांत फारशी दिसत नाहीत.

आणि आता तिसरा गोंधळ, जो माझ्या मते सगळ्यात अवघड आहे. गुण म्हणजे काय?

तुमच्यापैकी अनेकांच्या प्रस्तावात "अमुक वनस्पतीच्या अर्काची अतिसाररोधक क्षमता" असं शीर्षक असेल आणि पद्धतीत एरंडेल असेल. उंदराला एरंडेल पाजायचं, जुलाब लागले की आधी दिलेल्या अर्काने ते कमी झाले का ते मोजायचं. सोबत कोळशाची पूड पाजून ती आतड्यात किती पुढे सरकली हेही बघायचं. तुलनेला लोपेरामाइड. ही चाचणी स्वस्त आहे, पटकन होते आणि आकडे देखणे येतात. पण त्या उंदराला जंतुसंसर्ग झालेलाच नाही. आतड्याची हालचाल मंदावणारी कोणतीही वस्तू इथे पास होते. अफू दिली तरी तो उंदीर 'बरा' होतो. उलट शिगेलाच्या आवेत आतड्याची हालचाल थांबवणं धोक्याचं ठरू शकतं, आणि लहान मुलांना लोपेरामाइड देऊ नये हे तर ठरलेलंच आहे. गंमत म्हणजे चरकाचंही हेच म्हणणं आहे. अतिसार आमावस्थेत असताना बांधणारं औषध देऊ नये, आधी दोष जाऊ द्यावा. पारंपरिक औषध तपासताना परंपरेने सांगितलेली अटच आपण गाळतो.

'गुण' या शब्दाला खरा धक्का १९७१ मध्ये बसला. बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती, सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज घातलेलं पाणी नातेवाइकांच्याच हाती देऊन पाजायला लावलं. ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. आपण ज्याला जलसंजीवनी म्हणतो ती हीच. तिने जुलाब थांबत नाहीत. शौचाला होतच राहतं आणि माणूस जगतो. म्हणजे 'किती वेळा झालं' हे मोजणारी चाचणी या औषधाला नापास करेल. मूल मरतं ते अंगातलं पाणी गेल्याने. म्हणून काढ्याची कुठलीही चाचणी जलसंजीवनीच्या जागी करता येत नाही, तिच्या जोडीनेच करावी लागते. काढा उकळत बसल्यामुळे पाणी पाजायला उशीर झाला, तर त्या काढ्यात काय होतं याला अर्थ उरत नाही.

लालबागहून वरळी फार लांब नाही. तिथे डॉ. नोशीर अंटिया यांनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये डॉ. तन्नाझ बिर्डी आणि सहकाऱ्यांनी जुलाबावरच्या वनस्पती वेगळ्या रीतीने तपासल्या. त्यांचं कच्च्या बेलफळावरचं २००९ चं काम वाचाच. घरी करतात तसा काढा केला आणि तो जुलाब करणाऱ्या सहा जिवाणूंवर घातला. एकही मेला नाही. बहुतेक प्रयोगशाळांत कथा इथेच संपते, 'क्रियाशील नाही' असा शेरा मारून. यांनी पुढे विचारलं, की जिवाणू मारलाच पाहिजे असं कोणी ठरवलं? तो पेशीला चिकटतो का, आत शिरतो का, विष बनवतो का, ते विष पेशीला लागतं का? काढ्यामुळे चिकटणं आणि आत शिरणं कमी झालं, पटकीच्या विषाची निर्मिती आणि पकड दोन्हींवर परिणाम दिसला. जिआर्डिया आणि रोटाव्हायरसवर तर काढा थेट चालला. ई. कोलायच्या उष्णता सोसणाऱ्या विषावर मात्र काहीच परिणाम नाही, आणि तेही त्यांनी तसंच लिहिलं.

पुढच्या वर्षी पेरूच्या पानांचं काम आलं. पेरूच्या पानातलं 'क्रियाशील द्रव्य' म्हणून क्वेर्सेटिनचं नाव घेतलं जातं. त्यांनी काढा आणि शुद्ध क्वेर्सेटिन शेजारी ठेवले. काढा जिवाणू, विष, चिकटणं अशा बऱ्याच गोष्टींवर चालला. क्वेर्सेटिनने फक्त जिवाणूंचं पेशीत शिरणं अडवलं. हेन्सपासून सुरू झालेल्या वाटेचा तोटा मी म्हटला होता, तो हा. एक रेणू सापडला की तोच औषध आहे असं वाटू लागतं. खूण म्हणून क्वेर्सेटिन मोजा, हरकत नाही. औषध म्हणून त्यालाच धरलं तर काढ्याचं बरंचसं काम हातातून निसटतं.

मग माणसांवर काय झालं? २०२० मध्ये त्याच गटाने पेरूच्या पानांच्या काढ्याची चाचणी प्रसिद्ध केली. तीव्र जुलाबाचे १०९ प्रौढ रुग्ण, वय १८ ते ६०, तीन गटांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटलेले. एका गटाला फक्त जलसंजीवनी, दुसऱ्याला जलसंजीवनी आणि ६ पानांचा काढा, तिसऱ्याला जलसंजीवनी आणि १० पानांचा, दिवसातून तीनदा, पाच दिवस. पानं गुणधर्म तपासलेल्या एकाच स्रोतातली. १० पानांच्या गटातले रुग्ण ७२ तासांत पूर्ववत झाले, नुसत्या जलसंजीवनीवरच्यांना १२० तास लागले.

आकडा चांगला आहे. पण ही चाचणी खुली होती, म्हणजे आपण काढा पितोय हे रुग्णाला माहीत होतं, आणि 'बरं वाटतंय' असं सांगण्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो. पेरूच्या काढ्यासारखा दिसणारा, तसाच तुरट लागणारा खोटा काढा बनवणं सोपं नाही हेही खरं. तुमच्यातल्या कोणाला विषय हवा असेल तर हा घ्या. खोटा काढा कसा बनवायचा, हा पीएच.डी.च्या ताकदीचा प्रश्न आहे. त्याच्यासोबत हेही लक्षात ठेवा की अशा चाचण्यांमधले रुग्ण प्रौढ असतात, आणि जुलाबाचा मोठा धोका पाच वर्षांखालच्या मुलांना असतो.

कुड्यासाठी अशी जलसंजीवनीच्या जोडीने केलेली चाचणी आखायची झाली, तर पहिलं पान कशाने सुरू होईल याचा मी सध्या विचार करते आहे. पुडी माझ्या टेबलावर आहे. तिच्यावर मी दुकानाचा भाग, तारीख आणि 'कुडा?' असं लिहून ठेवलंय. एप्रिल-मेपासून कुडा फुलायला लागतो, तेव्हा कोकणात जाऊन फांदी आणि फुलं आणायची आणि साल त्याच झाडाची काढायची. मैत्रीण सही करायला तयार आहे. प्रश्नचिन्ह तोवर राहू दे.